त्या मुलीशी नको भांडूस गं

तुझा फोन ठेवला तरी मनातून जाईना, म्हणून लिहितेय. जाताना पुण्याला बॅगेकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, येताना नागपूरला मात्र तीच बॅग गेटवर काट्यावर चढवली आणि पैसे घेतले. विमानात बसतेस तोच "मॅडम, पर्स वर ठेवा." राग येणारच. पण तू तो काढलास केबिन क्रूतल्या त्या मुलीवर, आणि बॅगेच्या पैशांशी तिचा काडीचाही संबंध नव्हता.

अगं, आधी नियम कुणाचा ते बघावं. सात किलोंची मर्यादा विमान कंपनीची, ती तिकिटावर छापलेली असते. जाताना वजन केलं नाही ही त्यांची ढिलाई, आपला हक्क नव्हे. विमान गच्च भरलं की वरचे कप्पे पुरत नाहीत, मग काटा बाहेर येतो. शिवाय येताना संत्रा बर्फीचे डबे होतेच की! जादा वजनाचे पैसे घरूनच ऑनलाइन भरलेले बरे, गेटवर दर चढा असतो.

पर्सचं मात्र वेगळं, तो सुरक्षेचा नियम. येताना तू पहिल्या रांगेत होतीस. तिथे पुढे सीटच नाही, मग पर्स ठेवणार कशाखाली? धावपळीची वेळ आली तर तीच पायात येईल. इमर्जन्सी दाराच्या रांगेतही हेच. असं काही सांगितलं की मुकाट्याने ऐकायचं, वाद घालायचाच नाही.

खिडकीचंही तसंच. उडताना-उतरताना झडप उघडी ठेवायला सांगतात, कारण बाहेर आग किंवा धूर असला तर तो दिसायला हवा. पण मे 2025 मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, लष्करी विमानतळांवर दहा हजार फुटांखाली झडपा बंद ठेवायला सांगितलं. म्हणजे तेव्हा एकाच क्रूने एका गावी "उघडा" आणि दुसऱ्या गावी "बंद करा" म्हणायचं. प्रवाशाला तो लहरीपणा वाटायचा, आणि प्रत्येक वेळी कारण समजावून सांगायला त्यांना उसंत नसते.

उसंत नसते हे मी उगीच म्हणत नाही. पन्नास सीटांमागे एक क्रू असा हिशेब असतो, म्हणजे एकशे ऐंशी सीटांच्या विमानात चौघं. विमान उतरल्यापासून पुन्हा सुटेपर्यंत जेमतेम अर्धा तास. पुढच्या वेळी दारातून शिरताना त्यांच्याकडे नीट बघ. सीटच्या खिशातले कागदी कप, बिस्किटांचे कागद गोळा करून, पट्टे सरळ करून त्या नुकत्याच उभ्या राहिलेल्या असतात. वर जाऊन सँडविच विकायचे, तेही त्यांनीच. आवाज कोरडा होतो गं माणसाचा.

म्हणून उद्धटपणा खपवून घे असं मी म्हणत नाही. कुणी खरंच अपमान केला तर छातीवरच्या पट्टीवरचं नाव, फ्लाइट नंबर आणि वेळ टिपून ठेव. आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला लिही, दाद लागली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर जा. आत आरडाओरडा मात्र नको. नुसत्या शिवीगाळीवरही तीन महिन्यांपर्यंत प्रवासबंदी होऊ शकते, आणि तुझी बाजू खरी असूनही तूच आरोपी ठरशील.

तुझ्या चिनूला घेऊन जाशील तेव्हा एक पक्कं लक्षात ठेव. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच बुकिंगवरच्या आई किंवा वडिलांशेजारी सीट द्यायलाच हवी, असं डीजीसीएने 2024 मध्ये बजावलंय. चेक-इनच्या काउंटरवर शांतपणे हेच सांग, विमानात शिरेपर्यंत थांबू नकोस. तसंच इकडच्या छोट्या फ्लाइटला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर खाणंपिणं मागायचं. सहा तासांवर गेला तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं काय हवं ते तू ठरवायचंस. लाजू नकोस, तो तुझा हक्क आहे.

नागपूरला पैसे घेऊन त्या माणसाने पावती दिली नाही, ते मात्र सरळसरळ चूक. त्याबद्दल तक्रार करायचीच. पैसे गेल्याचा बँकेचा मेसेज आणि बोर्डिंग पास मला व्हॉट्सअॅपवर पाठव, रविवारी बसून दोघी मिळून मेल लिहू.