पहिलं बिल मुलासोबत वाचा

तात्यापाऱ्यातल्या आई-बाबांनो, आज आपल्या घरातून बाहेर पडणाऱ्या मुलांविषयी थोडं मनातलं बोलायचं आहे. कुणाची मुलगी आझाद हिंद एक्सप्रेसनं पुण्याला निघते, कुणाचा मुलगा बेंगळुरूला, कुणाचा हैदराबादला. आपण डबा भरून देतो, औषधांची पुडी देतो, खाण्यापिण्याचं आणि संगतीचं बजावतो. पैशांचं म्हणाल तर आपलं सांगणं एका वाक्यात संपतं : उधळू नकोस आणि कर्ज काढू नकोस.

पहिला पगार होतो न होतो तोच ऑफिसात कुणीतरी क्रेडिट कार्डाचा फॉर्म घेऊन मुलासमोर उभा राहतो. मुलाला ते कर्ज वाटतच नाही. त्याच्या लेखी ती महिन्यानं पैसे देण्याची सोय असते. मग एखाद्या महिन्यात बिल फुगतं, आणि आपण लहानपणापासून ‘कर्ज नको’ एवढंच सांगितलेलं असल्यामुळे ते आपल्याला सांगायची त्याला लाज वाटते. मला कार्डाची जितकी भीती वाटत नाही तितकी या गप्प राहण्याची वाटते. चार महिने गप्प राहिलेलं मूल पाचव्या महिन्यात दुसरं कार्ड काढून पहिल्याचं बिल भरू लागतं.

उधारी आपल्या घरांना काही नवी नाही. गोलबाजारातल्या दुकानदाराच्या वहीवर महिन्याचा किराणा आला आहे, सदर बाजारातल्या सराफाकडे हप्त्यानं मंगळसूत्र झालं आहे, बीसी (भिशी) लावून लग्नं निघाली आहेत. पण तो दुकानदार आपल्याला ओळखत होता. घरात आजारपण आहे हे त्याला कळायचं आणि तो पुढच्या महिन्यापर्यंत थांबायचा. बँकेचं यंत्र फक्त तारीख ओळखतं. हा फरक मुलांना आपणच समजावून सांगू शकतो, कारण दोन्ही व्यवहार आपण पाहिले आहेत.

म्हणून माझी एकच विनंती आहे. मुलाचं पहिलं बिल येईल तेव्हा ते त्याच्यासोबत बसून वाचा. तो दूर असेल तर व्हिडिओ कॉलवर वाचा. कुठे काय खर्च केलास याची उलटतपासणी मात्र करू नका. त्या दिवशी फक्त बिलाची रचना समजून घ्या. त्यात दोन तारखा असतात : बिल तयार झाल्याची आणि पैसे भरण्याची शेवटची. दोन रकमाही असतात : एकूण देय आणि किमान देय. सगळी मेख या दुसऱ्या रकमेत आहे.

समजा, बिल ४०,००० रुपयांचं आहे. किमान देय साधारण पाच टक्के, म्हणजे २,००० रुपये. मुलगा तेवढे भरतो आणि या महिन्याचं भागलं असं समजतो. उरलेल्या ३८,००० वर महिना साडेतीन टक्के दरानं १,३३० रुपये व्याज लागतं. व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २३९ रुपये. पुढच्या महिन्यात त्यानं पुन्हा किमान रक्कम भरली, तर त्या दोनेक हजारांतले जवळजवळ १,५७० रुपये व्याज-करातच गेले. मूळ रक्कम उतरली चारशेच्या आसपास. किमान रकमेचं सूत्र प्रत्येक बँकेचं थोडं वेगळं असतं, पण चित्र हेच राहतं. शिवाय जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. दुकानातून आणलेल्या दुधाच्या पिशवीवरसुद्धा त्या दिवसापासून व्याज चालू होतं.

महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के. घराच्या कर्जाचा दर आपल्याला तोंडपाठ असतो, पण हा आकडा मुलांना ठाऊक नसतो, कारण तो नेहमी महिन्याच्या हिशेबानं सांगितला जातो. यावर सरकारी मर्यादा असेल, असा काहींचा समज आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये ३० टक्क्यांहून जास्त व्याज अनुचित ठरवलं होतं खरं, पण सर्वोच्च न्यायालयानं २० डिसेंबर २०२४ रोजी तो आदेश रद्द केला. आता आपला हिशेब आपणच ठेवायचा.

बाकीचे आकार मुलांना एकदा नीट सांगून ठेवा. कार्डानं एटीएममधून रोख काढली तर काढल्याक्षणी शुल्क लागतं आणि व्याज पहिल्या दिवसापासून, तिथे बिनव्याजी मुदत नसतेच. परदेशी वेबसाइटवर काही घेतलं तर रूपांतराचं वेगळं शुल्क असतं. ‘पहिलं वर्ष मोफत’ आणि ‘कायम मोफत’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘नो कॉस्ट’ हप्त्यांतही व्याज असतंच. दुकानदार तेवढी सूट देऊन ते झाकतो, पण व्याजावरचा जीएसटी मुलाच्या बिलात येतो, आणि बऱ्याचदा प्रोसेसिंग फीसुद्धा. आता रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, त्यामुळे तात्यापारा चौकात चहा घेऊन स्कॅन केलं तरी ती उधारी असू शकते. बँक खात्यातले पैसे आणि उधारीचे पैसे एकाच अ‍ॅपमधून जाऊ लागले की हाताला फरक कळत नाही. मला विचाराल तर पहिलं वर्षभर तरी मुलानं हे जोडूच नये.

आता सिबिलचं. आपल्याकडे सरसकट ‘सिबिल’ म्हणतात, पण देशात अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. कार्ड किंवा कर्ज मागितलं की बँक यांच्याकडून माणसाची नोंद मागवते. ३०० ते ९०० मधला गुणांक त्या नोंदीतूनच निघतो. वेळेवर भरणा हा त्याचा कणा. कार्डाची मर्यादा सतत काठोकाठ वापरणं आणि थोड्या दिवसांत चार ठिकाणी अर्ज करणं, दोन्हींनी तो घसरतो. मॉलच्या दाराशी मिळणाऱ्या बॅगेसाठी भरलेला फॉर्म हाही अर्जच असतो. स्वतःची नोंद स्वतः पाहिल्यानं मात्र गुणांक कमी होत नाही. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो काढा, आणि मुलाच्या पॅनवर त्याला माहीत नसलेलं एखादं कर्ज नाही ना, तेही पाहा. चूक असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे रोज १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे.

तात्यापाऱ्यात बँकेच्या परीक्षांची तयारी करणारी मुलं बरीच आहेत, त्यांच्या घरांना हे खास सांगते. स्टेट बँकेच्या भरतीच्या जाहिरातीत कर्ज किंवा कार्डाची रक्कम थकवल्याची नोंद असलेला उमेदवार अपात्र, अशी अट असते. निवड होऊनही या कारणानं नेमणूक रद्द झालेला एक उमेदवार मद्रास उच्च न्यायालयात गेला. कर्ज फेडून झालं आहे, असं त्याचं म्हणणं होतं. २०२५ मध्ये न्यायालयानं बँकेचा निर्णय कायम ठेवला. एवढा अभ्यास, आणि आड आली जुनी थकबाकी. मुलाला हे कुणी आधी सांगायला नको का?

म्हणजे कार्ड घेऊच नये का? असं मी म्हणणार नाही. वेळेवर भरलेलं एक कार्ड पुढे घराच्या कर्जाला उपयोगी पडतं. सुरुवात मुदत ठेवीवर मिळणाऱ्या कार्डानं करावी. मर्यादा ठेवीच्या आत राहते आणि नोंद तयार होत जाते. पगारी मुलानंही मर्यादा स्वतःहून कमी करून घ्यावी, आणि वापर तिच्या एक तृतीयांशाच्या आत ठेवावा. त्याच्या संमतीशिवाय बँकेला मर्यादा वाढवता येत नाही, तेव्हा ‘अभिनंदन’ असा निरोप आला की लगेच होकार देण्याची गरज नाही. ऑटो-पे लावताना ‘एकूण देय’ निवडलं आहे का, हे तुमच्या डोळ्यांनी बघा. बऱ्याच जणांनी तिथे ‘किमान देय’ निवडलेलं असतं, आणि बिल आपोआप भरलं जातं आहे या समाधानात ते महिनोन्‌महिने व्याज देत राहतात.

रिझर्व्ह बँकेचे कार्डविषयक नियमही मुलाला माहीत हवेत. न मागता कार्ड देता येत नाही. बाकी नसताना कार्ड बंद करायला सांगितलं तर सात कामकाजी दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर बँक दिवसाला ५०० रुपये देणं लागते. शेवटची तारीख चुकली आणि तीन दिवसांच्या आत पैसे भरले, तर उशिराचा दंड लागत नाही, थकीत म्हणून नोंदही जात नाही. व्याज मात्र सुटत नाही. एक दिवस चुकला म्हणून घाबरून आठ दिवस बिलाकडे न पाहणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावं.

आणि गाडी आधीच रुळावरून घसरली असेल तर? त्या रात्री रागावू नका, ही हात जोडून विनंती. आधी कार्डाचा वापर थांबवा. बँकेशी बोलून थकलेल्या रकमेचे हप्ते करून घ्या, किंवा कमी व्याजाचं कर्ज घेऊन ती एकदम फेडा. घरची ठेव मोडायची की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा, पण ४२ टक्क्यांचं देणं तसंच ठेवून सात टक्क्यांची ठेव सांभाळण्यात नुकसानच आहे. थोड्या पैशांत ‘सेटलमेंट’ करून देतो असं कुणी म्हटलं तर ती नोंद अहवालात वर्षानुवर्षं राहते, हे आधी समजून घ्या. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, नातेवाइकांना धमकावता येत नाही. सज्ञान मुलाच्या कार्डाचं देणं आई-बाबांवर येत नाही. तुम्ही जामीन असाल किंवा ते तुमच्याच कार्डावरचं जोडकार्ड असेल तर गोष्ट वेगळी. तुम्हाला फोन करून कुणी घाबरवत असेल तर नंबर, वेळ आणि बोलणं लिहून ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तक्रार मुलाच्याच हातून लिहून घ्या, तुम्ही शेजारी बसा.