अलाइनमेंट करूनही गाडी डावीकडे का ओढते?

प्रश्न : माझी हॅचबॅक सरळ रस्त्यावर डावीकडे ओढते. दोनदा अलाइनमेंट केली, दोन्ही वेळा ‘मशीनवर सगळं हिरवं आलंय’ असं ऐकलं. ओढ काही गेली नाही, आणि पुढचा डावा टायर आतल्या कडेला खाल्ला गेलाय. आता काय करावं? (एक वाचक, सातारा)

उत्तर : थोडी ओढ रस्त्याचीही असते. पावसाचं पाणी निथळावं म्हणून रस्ता कडेकडे उतरता बांधतात. आपण डाव्या बाजूने जातो, त्यामुळे हात सैल सोडला की गाडी हळूहळू डावीकडे सरकतेच. म्हणून एखाद्या सपाट, मोकळ्या मैदानात चालवून पाहा. तिथेही ओढत असेल, तर टायर थंड असताना आधी हवा तपासा. डाव्या चाकात हवा कमी असली तरी हेच होतं. फक्त ब्रेक दाबल्यावर ओढत असेल, तर तो ब्रेकचा दोष.

पण मला खरी काळजी त्या खाल्लेल्या कडेची वाटते.

अलाइनमेंटमध्ये तीन कोन पाहतात : टो, कॅम्बर आणि कॅस्टर. टो म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांची तोंडं एकमेकांकडे वळलेली आहेत की बाहेर. कॅम्बर म्हणजे समोरून पाहताना चाक उभं आहे की कललेलं. स्टिअरिंग आपोआप सरळ होतं ते मुख्यतः कॅस्टरमुळे. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत यातला फक्त पुढचा टो फिरवता येतो. टाय रॉडचा लॉकनट सैल करून रॉड फिरवला की झालं. म्हणजे कॅम्बर बिघडला असेल, तर टो कितीही वेळा जुळवा, कड खाल्ली जाणारच.

टो बिघडला की काय होतं, याचा हिशेब करून पाहा. चाक अर्धा अंश जरी तिरकं असेल, तर प्रत्येक किलोमीटरला ते जवळपास पावणेनऊ मीटर आडवं घासत जातं. टायरवर आडवा तळहात फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने किसणीसारखं खरखरीत लागलं, तर टो बिघडलाय. तसं न लागता नुसती आतली कड झिजली असेल, तर माझा संशय कॅम्बरवर आहे. एखाद्या खोल खड्ड्यात चाक जोरात आपटलं होतं का, आठवून पाहा. स्ट्रट वाकला की चाकाचा माथा आत कलू शकतो.

पुढच्या वेळी मशीनचा छापील कागद मागा आणि त्यात डाव्या-उजव्या कॅम्बरचे आकडे शेजारी ठेवून पाहा. टो हिरवा दिसला की ‘सगळं हिरवं’ म्हणायची सवय मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे, आणि गिऱ्हाइकाचे पैसे इथेच वाया जातात. मशीनवर चढवण्याआधी गाडी जॅकवर घेऊन चाक हलवून पाहायला सांगा. टाय रॉड एन्ड, बॉल जॉइंट किंवा लोअर आर्मच्या बुशमध्ये खेळ असेल, तर आज जुळवलेला कोन घाटात दोन वळणं घेतली की सुटतो. आधी ते भाग बदला, अलाइनमेंट नंतर.

आणि टायरच्या आतल्या कडेला तार दिसू लागली असेल, तर या सगळ्यासाठी थांबू नका. त्या टायरवर महामार्गावर जाऊ नका, आजच बदला.