समुद्राविना वाढणारी खेकड्याची पिल्ले

धाराशिव जिल्ह्यातील तेरणा नदी मांजरा-गोदावरीमार्गे, तर सीना व बोरी या नद्या भीमा-कृष्णेमार्गे बंगालच्या उपसागराकडे जातात. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही ओढ्याकाठी व बांधांत खेकड्यांची बिळे आढळतात. खेकड्यांचे मूळ कूळ समुद्रातील. मग त्यांची पिल्ले येथे वाढतात कशी?

समुद्री खेकड्यांच्या बहुतेक जातींत मादी असंख्य सूक्ष्म अंडी घालते. त्यांतून निघणारे डिंभ खेकड्यासारखे दिसत नाहीत. ते पाण्यात तरंगत, वारंवार कात टाकत वाढतात आणि त्यांपैकी बहुसंख्य इतर जलचरांचे भक्ष्य होतात. निकोबार बेटांवरील नारळी खेकडा प्रौढपणी जमिनीवर राहतो. परंतु डिंभ सोडण्यासाठी त्याच्या मादीलाही समुद्र गाठावाच लागतो.

गोड्या पाण्यातील खेकड्याने हे बंधन तोडले आहे. दख्खनच्या पठारावरील अशा एका जातीचे शास्त्रीय वर्णन १८३६ मध्येच प्रसिद्ध झाले. या खेकड्यांची मादी मोजकी, परंतु मोठी व भरपूर पीतक असलेली अंडी घालते. डिंभावस्था अंड्यातच पूर्ण होते आणि बाहेर येते ते इवलेसे, परंतु पूर्ण खेकडेच. मादीचे पोट रुंद असून ते छातीखाली दुमडलेले असते. त्याखाली ती प्रथम अंडी व नंतर काही काळ पिल्ले सांभाळते. बिळातील ओलावा तिच्या कल्ल्यांना व अंड्यांना सुकू देत नाही.

कुंडीखाली वा दगडाखाली दिसणारा, सात जोड पायांचा करडा जीव हा खेकड्याचा दूरचा आप्त होय. त्याने आणखी पुढचा पल्ला गाठला आहे. त्याच्या मादीच्या पोटाखाली द्रवाने भरलेली पिशवी असते व तीतच पिल्ले वाढतात.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. समुद्री खेकड्यांचे डिंभ प्रवाहाबरोबर दूरवर पसरतात. ओढ्यातील पिल्ले मात्र मातेजवळच राहतात. त्यामुळे एखाद्या ओढ्यातील माद्या संपल्या, तर तेथे नवी पिढी सहजासहजी येत नाही. पावसाळ्यात खेकडे धरताना पोटाखाली अंडी वा पिल्ले असलेली मादी सोडून द्यावी, ओढ्यात विषारी औषधे टाकू नयेत, ही जाणीव ग्रामपंचायतींनी गावोगाव करून द्यावी. शिक्षकांनीही विद्यार्थ्यांना नर-मादीतील फरक ओळखण्यास शिकवावे : नराचे पोट अरुंद व निमुळते, तर मादीचे रुंद असते. एवढ्या ओळखीनेही एका ओढ्यातील पुढची पिढी वाचू शकेल.