सममिती : आकृत्यांची आणि नक्षीची

प्रस्तावना

साडीचा काठ, अंगणातील रांगोळी, घरातील फरशी, खिडकीची जाळी या सर्वांत एखादा आकार पुन्हा पुन्हा येतो. फूल, कोयरी, मोर, वेल असे नक्षीचे नमुने असंख्य आहेत. परंतु नक्षीत काय काढले आहे हे बाजूला ठेवून ती कशी मांडली आहे एवढेच पाहिले, तर या असंख्य नमुन्यांचे मोजकेच प्रकार होतात. ते प्रकार कसे ओळखावेत आणि ते मोजकेच का आहेत, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• आकृतीचे सममिती अक्ष व परिभ्रमणाची कोटी सांगता येईल;
• काठाच्या नक्षीचे वर्गीकरण करता येईल;
• गणिती नियम आणि त्याची अट यांतील संबंध स्पष्ट करता येईल.

१. सममिती म्हणजे काय?

‘सम’ म्हणजे सारखे आणि ‘मिती’ म्हणजे माप. आकृतीवर एखादी क्रिया केल्यानंतरही ती मूळ आकृतीशी तंतोतंत जुळली, तर त्या क्रियेच्या बाबतीत ती सममित आहे असे म्हणतात. म्हणून ‘ही आकृती कशी दिसते?’ यापेक्षा ‘काय केले असता ही आकृती बदलत नाही?’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

परावर्तन सममिती : एखाद्या रेषेवर घडी घातली असता आकृतीचे दोन्ही भाग एकमेकांवर जुळले, तर त्या रेषेस सममिती अक्ष म्हणतात. समभुज त्रिकोणाला ३, चौरसाला ४ आणि चौरस नसलेल्या आयताला २ अक्ष असतात. कर्णामुळे आयताचे दोन समान भाग होतात, म्हणून कर्ण हाही अक्ष आहे असे पुष्कळांना वाटते. वहीचा कागद कर्णावर दुमडून पाहा. कोपरे जुळत नाहीत. भाग समान असणे पुरेसे नाही. ते त्या रेषेत एकमेकांचे प्रतिबिंब असावे लागतात.

परिभ्रमण सममिती : मध्यबिंदूभोवती एक पूर्ण फेरी होईपर्यंत आकृती जितक्या वेळा स्वतःशी जुळते, त्या संख्येस परिभ्रमणाची कोटी म्हणतात. चौरसाची कोटी ४ आहे. स्वस्तिकाची कोटीही ४ आहे. परंतु स्वस्तिकाला एकही सममिती अक्ष नाही. घडी आणि फेरी या दोन्ही कसोट्या लावल्याशिवाय वर्गीकरण पूर्ण होत नाही, ते यामुळेच.

२. काठाचे सात प्रकार

काठाची नक्षी एकाच दिशेने पुढे जाते. तो कितीही लांब आहे असे मानले, तर ठरावीक अंतराने सरकवला असता तो पुन्हा तसाच दिसतो. यास स्थानांतरण म्हणतात. स्थानांतरणाबरोबर इतर कोणत्या क्रिया जुळतात, यावरून काठाचे नेमके ७ प्रकार होतात.

(१) एकाच बाजूस झुकलेल्या कोयऱ्यांची रांग : केवळ स्थानांतरण.
(२) लक्ष्मीची पावले डावे-उजवे अशी आळीपाळीने काढल्यास : सरकवणे आणि मधल्या रेषेत उलटवणे या क्रिया मिळून जुळतात. हे सरकते परावर्तन होय.
(३) करवतकाठीतील त्रिकोणी दात : उभे अक्ष.
(४) एकाच दिशेस जाणाऱ्या बाणांची रांग : आडवा अक्ष.
(५) सारख्या तिरप्या रेघांची रांग : अर्धी फेरी जुळते, अक्ष नाही.
(६) नागमोडी रेघ : अर्धी फेरी, उभे अक्ष आणि सरकते परावर्तन.
(७) वर्तुळांची रांग : वरील सर्व क्रिया.

विणकराने नवा काठ रचला, तरी तो या सातांपैकी एका प्रकारात बसतोच.

३. ठिपक्यांचा नियम

फरशीवरील नक्षी दोन दिशांनी पसरते. अशा नक्षीचे १७ प्रकार आहेत, हे रशियन स्फटिकशास्त्रज्ञ येवग्राफ फेदोरोव यांनी १८९१ मध्ये सिद्ध केले. हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ जॉर्ज पोल्या १९२४ मध्ये स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षास पोहोचले.

सदाफुलीच्या एका फुलाची कोटी ५ असते. परंतु सर्व बाजूंनी पुनरावृत्त होणाऱ्या संपूर्ण नक्षीची परिभ्रमण कोटी २, ३, ४ किंवा ६ एवढीच असू शकते; ५ असू शकत नाही. याचे कारण ठिपके मांडून पाहता येते.

नक्षीची कोटी ५ आहे असे क्षणभर माना. ती ज्या बिंदूभोवती फिरवली असता जुळते, तेथे एक ठिपका द्या. स्थानांतरणाने तो बिंदू ज्या ज्या जागी जातो, तेथेही ठिपके द्या. सर्वांत जवळच्या दोन ठिपक्यांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणा. त्यांतील अंतर ५ सेंमी समजा. ‘अ’ भोवती ‘ब’ ला ७२ अंशांतून फिरवा. तेथे ‘क’ हा ठिपका असलाच पाहिजे. ‘ब’ भोवती ‘अ’ ला उलट दिशेने तेवढेच फिरवा, म्हणजे त्याच बाजूस ‘ड’ मिळेल. आता पट्टीने मोजा. ‘क’ व ‘ड’ यांतील अंतर सुमारे १.९ सेंमी भरते. परंतु कोणतेही दोन ठिपके ५ सेंमीपेक्षा जवळ नाहीत, असे आधीच ठरले होते. ही विसंगती आहे. म्हणून कोटी ५ अशक्य होय. सहापेक्षा मोठी कोटी घेतल्यासही अशीच विसंगती येते.

४. नियम आणि त्याची अट

स्फटिकातील अणूही अशाच पुनरावृत्तीने रचलेले असतात असे मानले जाई. एप्रिल १९८२ मध्ये डॅन शेख्टमन यांना ॲल्युमिनियम व मँगनीज यांच्या मिश्रधातूत परिभ्रमणाची कोटी १० दर्शवणारी ठिपक्यांची प्रतिमा दिसली. हे अशक्य आहे असे अनेकांनी सांगितले. दोन नोबेल पारितोषिकांचे मानकरी लायनस पॉलिंग यांनीही हा शोध मान्य केला नाही. शेख्टमन आपल्या निरीक्षणावर ठाम राहिले. २०११ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मग गणिताचा नियम खोटा ठरला काय? नाही. नियमाची अट ‘पुनरावृत्ती’ ही आहे. त्या मिश्रधातूत अणूंची रचना सुव्यवस्थित होती, परंतु ठरावीक अंतराने पुनरावृत्त होणारी नव्हती. चूक होती ती सुव्यवस्था म्हणजे पुनरावृत्तीच असे गृहीत धरण्यात. १९९२ मध्ये स्फटिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने स्फटिकाची व्याख्याच बदलली.

तुम्ही काय शिकलात?

• क्रिया करूनही आकृती न बदलणे म्हणजे सममिती.
• काठाच्या नक्षीचे ७ आणि प्रतलावरील पुनरावृत्त नक्षीचे १७ प्रकार आहेत.
• नियम वापरताना त्याची अट लागू आहे की नाही, हे तपासावे लागते.

शब्दार्थ

तंतोतंत – अगदी बरोबर; प्रतल – सपाट पृष्ठ; विसंगती – मेळ नसणे; गृहीत – सिद्ध न करता मानलेले.

पाठगत प्रश्न

१. चौरस नसलेल्या समभुज चौकोनाचे सममिती अक्ष किती व परिभ्रमण कोटी किती?
२. एकामागून एक चालणाऱ्या सारख्या हत्तींची रांग कोणत्या प्रकारात येते?
३. ‘समांतर’ या शब्दाची संधी सोडवा.
४. घरातील एखाद्या वस्त्राचा काठ पाहून त्याचा प्रकार कारणासह लिहा.

उत्तरे : १. अक्ष २ (दोन्ही कर्ण), कोटी २. २. प्रकार (१). ३. सम + अंतर. ४. तुमच्या निरीक्षणानुसार.