रक्ततपासणीची स्वयंचलित यंत्रे आणि पाण्याचा प्रश्न

बंगळूरच्या पूर्वेकडील महादेवपुरा हा भाग 2007 साली बृहत् बंगळूर महानगरपालिकेत समाविष्ट झाला. व्हाइटफील्डच्या माहिती तंत्रज्ञान वसाहतींमुळे तो देशभर परिचित आहे. हृदय व मेंदूच्या विकारांवर विनामूल्य उपचार करणारे श्री सत्य साई संस्थेचे रुग्णालयही याच परिसरात जानेवारी 2001 पासून कार्यरत आहे. 2024 च्या उन्हाळ्यात मात्र महादेवपुऱ्याचे नाव गाजले ते पाणीटंचाईमुळे. कूपनलिका आटल्या आणि अनेक वसाहतींची भिस्त टँकरवर आली. शहराभोवतीच्या 110 गावांसाठी आखलेल्या कावेरी योजनेच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन 16 ऑक्टोबर 2024 रोजी झाले. टंचाईच्या काळात पिण्याच्या पाण्याची चर्चा अधिक होणे स्वाभाविकच आहे. परंतु रुग्णालयातील रक्ततपासणीचे यंत्रही पाण्यावरच चालते, आणि पाणी बिघडले तर ते बंद न पडता चुकीचे आकडे देऊ लागते, याकडे क्वचितच लक्ष जाते.

सुईच्या टोकाशी काय घडते?

रक्त गोठून गुठळी खाली बसल्यावर वर जो पिवळसर द्रव राहतो तो सीरम, म्हणजेच रक्तरस. त्यातील साखर, युरिया, क्रिएटिनिन यांचे मापन पूर्वी तंत्रज्ञ काचेच्या पिपेटने हाताने करीत. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील लेनर्ड स्केग्ज यांनी या कामाचे यांत्रिकीकरण केले व 1957 साली टेक्निकॉन कंपनीने त्यांचे यंत्र बाजारात आणले. त्यात सर्व नमुने एकाच नळीतून एकामागून एक वाहत आणि मध्ये हवेचे बुडबुडे सोडलेले असत. बुडबुडा नळीची आतील भिंत पुसत जाई व दोन नमुने एकमेकांत मिसळू देत नसे. इतका साधा आणि इतका उपयुक्त उपाय यंत्रशास्त्रात क्वचितच आढळतो.

आजच्या यंत्रांत प्रत्येक चाचणी स्वतंत्र कुपीत होते. परंतु नमुना उचलणारी सुई, जिला प्रोब म्हणतात, ती बहुधा एकच असते. तिच्या मागील नळीत शुद्ध पाणी भरलेले असते. पिचकारीचा दट्ट्या मागे सरकला की पाण्याचा स्तंभ मागे येतो व टोकाशी सीरम ओढले जाते. पाणी व सीरम यांच्यामध्ये हवेचा लहानसा थर ठेवलेला असतो. एका चाचणीसाठी घेतले जाणारे सीरम अनेकदा अवघे 2 ते 10 मायक्रोलिटर असते. एका थेंबाचाही तो लहानसा अंश होय. सुई द्रवाला टेकताच विद्युतधारितेत बदल होतो व त्यावरून यंत्राला पातळी कळते. पृष्ठभागावर फेस असेल तर मात्र यंत्र फसते आणि सीरमऐवजी हवा शोषून घेते. रक्त पुरते गोठण्यापूर्वी, म्हणजे साध्या नळीत सुमारे अर्धा तास होण्याआधीच, ते फिरवले तर फायब्रिनचे तंतू शिल्लक राहून सुई तुंबते. चांगल्या यंत्रांत दाब मोजून हे ओळखण्याची सोय असते; स्वस्त यंत्रांत ती असेलच असे नाही.

मागल्याचा अंश पुढल्याला

प्रत्येक नमुन्यानंतर सुई आतून व बाहेरून धुतली जाते. तरीही आधीच्या नमुन्याचा काही अंश पुढच्यात जातो. समजा, हे प्रमाण एक हजारांश आहे. एका रुग्णाची साखर 500 व पुढच्याची 80 असेल, तर दुसऱ्याच्या आकड्यात अर्ध्या मिलिग्रॅमचीही भर पडणार नाही. परंतु गरोदरपणात वाढणाऱ्या एचसीजी या संप्रेरकाची पातळी एका स्त्रीत एक लाख एकक असेल, तर पुढच्या नमुन्यात 100 एकके जातील. गरोदर नसलेल्या स्त्रीत ती सामान्यतः पाचाहून कमी असतात. म्हणजे केवळ रांगेतील क्रमामुळे एखादीचा अहवाल बदलू शकतो! म्हणूनच अनेक संप्रेरक-यंत्रांत दर वेळी नवे प्लास्टिकचे टोक वापरतात. हा दोष तपासणे कठीण नाही. उच्च पातळीचा नमुना तीनदा व लगेच कमी पातळीचा तीनदा चालवावा. कमी पातळीच्या पहिल्या व तिसऱ्या वाचनांतील फरकाला उच्च व कमी पातळीच्या तिसऱ्या वाचनांतील फरकाने भागले की प्रमाण मिळते.

धुण्याचे पाणी

ही सर्व धुलाई पाण्यानेच होते, आणि मोठ्या यंत्रांना ते ताशी कित्येक लिटर लागते. अशा पाण्याची विद्युत रोधकता किमान 10 मेगओहम-सेंटीमीटर असावी, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. कूपनलिकेच्या कठीण पाण्यातील कॅल्शियम शुद्धीकरणातून निसटले तर कॅल्शियमच्या चाचणीवर थेट परिणाम होतो. टाकीत वा नळ्यांत जिवाणू वाढले तर त्यांचे फॉस्फटेज हे विकर काही चाचण्यांत ढवळाढवळ करते. रोधकतामापकाला जिवाणू दिसत नाहीत, त्यासाठी वेगळी तपासणी करावी लागते.

केंद्र सरकारने 2015 साली मोफत निदान सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. महाराष्ट्रात 2017 पासून महालॅब योजनेखाली प्राथमिक आरोग्य केंद्रांतील नमुने प्रयोगशाळांत पोहोचू लागले. अशा योजनांत यंत्राचा वेग व प्रतिचाचणी दर यांना महत्त्व मिळणे समजण्यासारखे आहे. पण खरेदीच्या अटींत जलशुद्धीकरण संयंत्र, गुठळी ओळखण्याची सोय व देखभालीचा करार यांचाही तेवढाच स्पष्ट उल्लेख हवा, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. टंचाईच्या काळात पाण्याचा स्रोत बदलतो, क्षार वाढतात, संयंत्रातील पडदा व राळ लवकर निकामी होतात. तेव्हा नवा टँकर रिकामा झाला की प्रयोगशाळेने त्या दिवशीची रोधकता नोंदवहीत लिहावी, नियंत्रण-सीरम चालवून कॅल्शियमचे वाचन पाहावे, आणि त्यानंतरच रुग्णांचे नमुने यंत्रावर चढवावेत.