पान एक, ब्राउझर अनेक

बंगळूर शहराच्या आग्नेय भागात बेळ्ळंदूर नावाचे विस्तीर्ण तळे आहे. त्याच्या काठचे त्याच नावाचे गाव आता शहरात सामावले असून बाह्य वर्तुळमार्गाच्या कडेने तेथे सॉफ्टवेअर कंपन्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेली माणसे येथे संगणकाचे कार्यक्रम लिहिण्याचे काम करतात. त्यांत मराठी माणसेही आहेत. अशा एखाद्या कचेरीत शिष्यवृत्तीच्या अर्जाचे एक मराठी पान तयार झाले असे समजू. तेथील नव्या संगणकावर ते पान सुबक दिसते. तेच पान कोल्हापूर जिल्ह्यातील एका वाचनालयात, जुन्या संगणकावर, एक विद्यार्थिनी उघडते. तिला वेलांट्या भलत्याच जागी दिसतात आणि ‘अर्ज पाठवा’ हे बटन पडद्याच्या कडेबाहेर गेलेले असते. अर्जाची मुदत तर त्याच दिवशी संपणार आहे! पान एकच असता त्याची दोन रूपे का व्हावीत, आणि ती होऊ नयेत म्हणून काय करावे, या प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

ब्राउझरचे कार्य

संगणकाच्या जाळ्यातून आपल्याकडे येते ते पानाचे चित्र नव्हे. येतो तो मजकूर आणि त्या मजकुरात पेरलेल्या खुणा. हा मथळा, हा परिच्छेद, येथे चित्र, हा भाग इतका रुंद, अशा त्या सूचना असतात. खुणांच्या या भाषेला एचटीएमएल म्हणतात. जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी ती रचली आणि १९९० साली पहिला ब्राउझरही तयार केला.

छापखान्याचे उदाहरण घेतले म्हणजे हे लवकर ध्यानात येईल. लेखक हस्तलिखितावर खुणा करून ते छापखान्यात पाठवितो. जुळारी त्या खुणा वाचून खिळे जुळवितो. एकच हस्तलिखित दोन छापखान्यांत दिले आणि खुणांचा अर्थ दोन जुळाऱ्यांनी वेगवेगळा लावला, तर पुस्तकेही दोन तऱ्हांची निघतील. ब्राउझर हा असा जुळारी होय.

मात्र प्रत्येक ब्राउझरचे दोन भाग असतात, हे येथेच नीट समजून घेतले पाहिजे. खुणा वाचून पान मांडणारा भाग हे त्याचे यंत्र. पत्ता लिहिण्याची चौकट, मागे-पुढे जाण्याची बटने, आवडत्या पानांची यादी इत्यादी सोयी हे त्याचे कवच. पुढील सर्व विवेचन या भेदावर आधारलेले आहे.

टॅबची सोय

आरंभीच्या बहुतेक ब्राउझरांत एका खिडकीत एकच पान उघडत असे. दहा पाने हवी असतील तर दहा खिडक्या उघडाव्या लागत, आणि हवी ती खिडकी शोधताना वाचक गोंधळून जाई. पत्त्यांच्या वहीच्या कडेला अक्षरवार पायऱ्या कापलेल्या असतात; बोट लावताच हवे ते पान उघडते. हीच युक्ती ब्राउझरात योजिली, तिचे नाव टॅब. एकाच खिडकीच्या माथ्यावर अनेक पानांची टोके ओळीने दिसतात आणि त्यांपैकी हवे ते पुढे आणता येते.

ही सोय केवळ टापटिपीची नव्हती. भारतात विदेश संचार निगमने १९९५ च्या १५ ऑगस्टला इंटरनेटची सेवा जनतेसाठी सुरू केली. त्या काळी जोडणी दूरध्वनीच्या तारेवरून होई आणि एकेक पान येण्यास बराच वेळ लागे. एक पान वाचत असता पुढची तीन-चार पाने मागील टॅबांत उतरत राहिली, तर जोडणीचा मोजून मिळालेला वेळ वाया जात नसे.

जुन्या ब्राउझरला टॅब कसे लाभले?

१९९७ साली निघालेल्या इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीत पान मांडणारे यंत्र हा एक सुटा भाग होता. इतरांनी लिहिलेल्या कार्यक्रमांनाही तो आपल्या पोटात बसवून घेता येई. याचा लाभ घेऊन १९९८ मध्ये ‘नेटकॅप्टर’ हा कार्यक्रम पुढे आला. त्याचे कवच नवे, टॅब असलेले. यंत्र मात्र इंटरनेट एक्सप्लोररचेच. खुद्द मोझिला या ब्राउझरात टॅब आले ते ऑक्टोबर २००१ मध्ये. ९ नोव्हेंबर २००४ रोजी प्रसिद्ध झालेल्या फायरफॉक्सच्या पहिल्या आवृत्तीने ते घरोघर नेले. इंटरनेट एक्सप्लोररची २००१ सालची सहावी आवृत्ती वापरणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टने २००५ मध्ये एक जोडपट्टी दिली. ती बसविली की त्या जुन्या ब्राउझरातही टॅब उघडत. ऑक्टोबर २००६ मधील सातव्या आवृत्तीत ते मुळातच अंतर्भूत झाले.

कवच व यंत्र यांची अशी फारकत करता येते याचे एक उदाहरण बंगळूरचेच आहे. तेथील हिडन रिफ्लेक्स या कंपनीने २०१० साली ‘एपिक’ हा ब्राउझर काढला. भारतीय भाषांत लिहिण्याची सोय त्याच्या कवचात होती. यंत्र मोझिलाचे होते. २०१३ साली त्याच नावाचा ब्राउझर क्रोमियमच्या यंत्रावर नव्याने बांधला गेला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. टॅब ही वाचकाच्या बाजूची सोय आहे. ती बसविताना पान लिहिणाऱ्याची संमती लागत नाही. परंतु याच कारणाने तिची मर्यादाही ठरते. सहाव्या आवृत्तीला टॅब जोडले तरी प्रत्येक टॅबातील पान तेच जुने यंत्र मांडत होते. पूर्वी एका खिडकीत वेडेवाकडे दिसणारे पान आता एका टॅबात वेडेवाकडे दिसे, इतकाच काय तो फरक!

रुंदीचा हिशेब

यंत्रांतील मतभेदाचा एक प्रसिद्ध नमुना गणिताने दाखविता येतो. पानावरील एका चौकटीची रुंदी ३०० बिंदू सांगितली आहे. मजकूर आणि किनार यांमध्ये दोन्ही बाजूंना २० बिंदूंची मोकळी जागा सोडावयाची आहे, आणि किनार दोन्ही बाजूंना ५ बिंदूंची आहे. १९९६ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या सीएसएस या मांडणीच्या मानकाप्रमाणे ३०० ही केवळ मजकुराची रुंदी होय. म्हणून चौकट एकंदर ३०० + ४० + १० = ३५० बिंदू जागा घेते. विंडोजवरील इंटरनेट एक्सप्लोररची पाचवी आवृत्ती मात्र किनारीसकट सर्व काही ३०० मध्ये बसवी, आणि मजकुराला २५० बिंदूच उरत. अशा दोन चौकटी शेजारी ठेवल्या की १०० बिंदूंची तफावत पडते. एखादे बटन कडेबाहेर जाते ते अशाच तफावतीमुळे.

सहाव्या आवृत्तीत ही चूक सुधारण्यात आली, पण सरसकट नव्हे. जुनी हजारो पाने चुकीच्या हिशेबावर विसंबून लिहिलेली होती. हिशेब एकदम बदलला असता तर ती सारी विस्कटली असती. म्हणून पानाच्या आरंभी मानकाची योग्य घोषणा असेल तर नवा नियम, नसेल तर जुना, अशी तडजोड झाली. चूक दूर करणे सोपे असते. चुकीवर उभे राहिलेले काम सांभाळणे कठीण असते.

मराठी अक्षरांची कथा

रुंदी चुकली तर पान कुरूप होते. अक्षर चुकले तर ते वाचताच येत नाही. मराठी वाचकांना हा अनुभव दीर्घकाळ घ्यावा लागला. आरंभीच्या मराठी संकेतस्थळांवर प्रत्येकाचा फाँट निराळा असे. रोमन अक्षरांसाठी नेमलेल्या क्रमांकांवर देवनागरी अक्षरांची चित्रे बसविलेली असत, आणि कोणत्या क्रमांकावर कोणते चित्र हे ज्याचे त्याने ठरविलेले असे. तो फाँट वाचकाकडे नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा अर्थशून्य चिवडा दिसे. पानाबरोबर फाँटही आपोआप धाडण्याच्या दोन पद्धती १९९७ च्या सुमारास निघाल्या; एक इंटरनेट एक्सप्लोररची, दुसरी नेटस्केपची. एकीची फाइल दुसऱ्याला कळत नसे. पुढे नेटस्केपच्या सहाव्या आवृत्तीत, २००० साली, त्यांच्या पद्धतीचा आधारच काढून घेतला गेला. जी मराठी पाने केवळ पहिल्या पद्धतीवर विसंबून होती, ती फायरफॉक्सच्या वाचकाला चिवड्यासारखी दिसू लागली.

येथेही कवचातून उपाय करण्याचा प्रयत्न झाला. फायरफॉक्ससाठी ‘पद्म’ नावाचा एक जोडकार्यक्रम निघाला. भारतीय भाषांतील जुन्या फाँटांचा मजकूर तो युनिकोडमध्ये बदलून दाखवी. परंतु त्यासाठी प्रत्येक फाँटाचा खाजगी तक्ता कोणी तरी तयार करावा लागे. ज्या फाँटाचा तक्ता कोणापाशी उरला नाही, त्यात लिहिलेला मजकूर शिल्लक असूनही हरवल्यासारखाच होतो. शिवाय अशा मजकुरात ‘पाणी’ हा शब्द शोधू गेल्यास सापडत नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने तेथे ‘पाणी’ लिहिलेलेच नसते.

खरा उपाय सर्वमान्य संकेताचा होता. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ स्थाने दिली आहेत. तेथे ‘क’ चा क्रमांक २३२५ आणि ऱ्हस्व वेलांटीचा २३६७. ‘कि’ लिहिताना आधी क, मग वेलांटी, असा उच्चाराचा क्रम साठविला जातो. वेलांटी डावीकडे नेऊन काढणे हे मांडणाऱ्या यंत्रणेचे काम. जुन्या विंडोज एक्सपीवर अशा लिप्यांचा आधार चालू केलेला नसेल, तर कित्येक कार्यक्रमांत वेलांटी क च्या उजवीकडेच उभी राही. वाचनालयातील विद्यार्थिनीला जे दिसले ते हेच.

मराठीपुरती एक विशेष अडचण आणखी आहे. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना, आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. दोहोंतील भेद केवळ रफार की अर्धा ऱ एवढाच. हा अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत नुक्त्याचा ऱ वापरतात. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. एखाद्या कार्यक्रमाने ते अदृश्य चिन्ह निरुपयोगी समजून गाळले, तर स्वयंपाक्यांसाठी लिहिलेली सूचना थेट गुरुवर्यांच्या नावावर जाते!

सुसंगतीचे नियम

आता आरंभीच्या पानाकडे परत येऊ. ते सर्वत्र सारखे उपयोगी पडावे म्हणून लिहिणाऱ्याने तीन पथ्ये पाळावयाची असतात. पहिले, मजकूर युनिकोडमध्येच असावा आणि पानाच्या आरंभी मानकाची व संकेताची घोषणा असावी. दुसरे, आवश्यक भाग आधी साध्या खुणांनी पुरा करावा आणि शोभा नंतर चढवावी; शोभा न उमगणाऱ्या ब्राउझरालाही अर्ज पाठविता आला पाहिजे. तिसरे, ब्राउझरचे नाव विचारू नये, त्याला अमुक गोष्ट येते का हे विचारावे. नावावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. नेटस्केपसाठी राखलेली पाने आपल्यालाही मिळावीत म्हणून इंटरनेट एक्सप्लोरर स्वतःची ओळख ‘मोझिला’ अशीच सांगत असे.

इतके करूनही पडताळा घ्यावाच लागतो. प्रत्येक कचेरीत सर्व ब्राउझर व सर्व यंत्रे ठेवणे अशक्य असते. रितेश अरोरा व नकुल अग्रवाल या आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी २०११ साली स्थापन केलेली ब्राउझरस्टॅक ही कंपनी हीच गरज भागविते. तिच्या दूरस्थ यंत्रांवरील निरनिराळ्या ब्राउझरांत आपले पान कसे दिसते, हे घरबसल्या पाहता येते.

मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्सप्लोररचा आधार बहुतेक संगणकांवरून काढून घेतला. त्याला जोडलेल्या टॅबांच्या पट्ट्याही इतिहासजमा झाल्या. पण त्या काळात मानकाला धरून, युनिकोडमध्ये लिहिलेले साधे मराठी पान आजच्या ब्राउझरातही वाचता येते. सोयी वाचकाने आपापल्या जोडाव्यात. लिपीचा करार मात्र सर्वांचा एकच असला पाहिजे.

करून पाहा

१. एकच मराठी पान दोन निरनिराळ्या ब्राउझरांत उघडा. खिडकी हळूहळू अरुंद करा आणि कोणता भाग प्रथम दिसेनासा होतो ते वहीत टिपा.
२. ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ हे शब्द टंकलिखित करा. दोन वेगवेगळ्या कळफलकांवर दुसरा शब्द लिहून, एकाने लिहिलेला शब्द दुसऱ्याने शोधल्यास सापडतो का ते पाहा.
३. चौकटीची रुंदी ४०० बिंदू, मोकळी जागा प्रत्येक बाजूस १५ आणि किनार प्रत्येक बाजूस २ बिंदू असेल, तर मानकाप्रमाणे एकंदर रुंदी किती? जुन्या हिशेबाप्रमाणे मजकुराला किती जागा उरेल?