स्ट्रक्चरमधली ब्लँक फाइल

दहा कॅडेटांचे स्क्वॉड तीन ओळींत उभे केले की जागा होतात बारा, आणि डावीकडून दुसऱ्या फाइलमध्ये दोन जागा रिकाम्या राहतात. ही ब्लँक फाइल आपल्याला पहिल्या ड्रिलपासून माहीत आहे. सी भाषेतील स्ट्रक्चरमध्येही अशाच रिकाम्या जागा असतात. त्यांना पॅडिंग म्हणतात. फरक इतकाच, की त्या सोडायचा हुकूम आपण देत नाही. कंपायलर आपणहून सोडतो आणि प्रोग्राम वाचताना त्या दिसत नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत भिलाईला घरी असताना मी दादाच्या लॅपटॉपवर याची उदाहरणे चालवून पाहिली. एक कॅरॅक्टर, मग एक इंट, मग पुन्हा एक कॅरॅक्टर. १, ४ आणि १ मिळून ६ बाइट व्हावेत, पण साइझऑफने उत्तर दिले १२. इंटची सुरुवात ४ ने भाग जाणाऱ्या पत्त्यावर हवी, म्हणून पहिल्या कॅरॅक्टरनंतर ३ बाइट रिकामे. शेवटीही ३ रिकामे, कारण अशा स्ट्रक्चरांचा ॲरे केला तर पुढच्यातला इंटही योग्य पत्त्यावर आला पाहिजे. भिलाईच्या कारखान्यातले २६० मीटर लांबीचे रेल पॅनल अनेक वॅगनींवर मिळून ठेवावे लागते, त्याला इलाज नाही. पण चार बाइटांचा आकडा दोन वॅगनींवर पसरला तर प्रोसेसरला दोन खेपा पडू शकतात, आणि काही प्रोसेसर तर असा आकडा घ्यायलाच नकार देतात.

आता इंट सर्वांत आधी लिहिला आणि दोन्ही कॅरॅक्टर त्याच्या मागे ठेवले, तर तेच स्ट्रक्चर ८ बाइटांत बसते. कंपायलर हा क्रम स्वतः बदलत नाही, सी भाषेचा नियम त्याला तशी मुभा देत नाही. म्हणून हे काम माणूस करतो, आणि दुसऱ्या माणसाने ते तपासायचे असते.

तपासणाऱ्याने पहिला प्रश्न विचारावा तो असा: हे स्ट्रक्चर ड्रायव्हरच्या बाहेर कोणी वाचते का? कोणीच वाचत नसेल तर जागा वाचली, छान झाले. पण वापरणाऱ्याचा प्रोग्राम तेच बाइट घेत असेल, तर जुन्या मांडणीनुसार तयार झालेला तो प्रोग्राम चौथ्या बाइटपासून इंट शोधेल आणि तिथे त्याला दोन कॅरॅक्टर व रिकामी जागा मिळेल. तक्रार कुठेच येणार नाही, आकडा मात्र चुकेल. क्रम न बदलताही असे होऊ शकते. ८ बाइटांची एक संख्या आणि ४ बाइटांची एक, एवढेच स्ट्रक्चर लिनक्समध्ये ३२ बिटांच्या इंटेल प्रोसेसरसाठी १२ बाइटांचे होते आणि ६४ बिटांसाठी १६ चे.

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो: रिकाम्या जागेत काय आहे? रिकामी म्हणजे शून्य नव्हे. न पुसलेल्या फळ्यावर आधीच्या तासाचे लिहिलेले राहते, तसे त्या बाइटांत मेमरीचा आधीचा मजकूर राहतो. याचे खरे उदाहरण २०१० सालचे आहे. लिनक्स कर्नलमधील केव्हीएम हा भाग एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवतो. त्यातली चार स्ट्रक्चर वापरणाऱ्याच्या प्रोग्रामला दिली जात होती, पण त्यांतले राखीव आणि पॅडिंगचे भाग कोणी भरलेच नव्हते. डिबग रजिस्टरांचे स्ट्रक्चर १२८ बाइटांचे, त्यातले ७२ बाइट राखीव. घड्याळाच्या स्ट्रक्चरमध्ये ४८ पैकी ३६. या जागांतून कर्नलच्या स्टॅकवरचा उरलेला मजकूर बाहेर जात होता. ज्याला आत डोकवायची परवानगी नाही त्याच्या हाती तो पडत होता, म्हणून याची नोंद सुरक्षेतील त्रुटी म्हणून झाली.

वासिली कुलिकोव्ह यांनी दुरुस्ती पाठवली. पहिल्या आवृत्तीवर यान किस्का यांनी सुचवले, की संपूर्ण स्ट्रक्चर शून्य करण्यापेक्षा फक्त राखीव भाग शून्य करा. वरवर पाहता संपूर्ण पुसणे जास्त सुरक्षित वाटते. पण या स्ट्रक्चरांत राखीव जागा नाव देऊन लिहिलेल्या होत्या. तपासणाऱ्याला त्या मोजता येत होत्या आणि बाकीचे भाग पुढे भरलेच जाणार होते. कुलिकोव्ह यांनी ती सूचना मान्य केली. जिथे पॅडिंग कंपायलरने लपवून ठेवलेले असते तिथे मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे आधी मेमसेटने सगळे स्ट्रक्चर पुसून मग भरणे बरे. त्याहून बरे म्हणजे भोक पडेल तिथे आपणच नावाचे राखीव क्षेत्र लिहावे.

स्ट्रक्चरला पॅक्ड असा शब्द लावून सगळी भोके बुजवता येतात. हार्डवेअरने बाइटांची जागा ठरवूनच दिली असेल तिथे ते योग्य आहे. पण केवळ पॅडिंगचा त्रास नको म्हणून ते लावले असेल, तर आकडे पुन्हा वेड्यावाकड्या पत्त्यांवर जातात आणि वर सांगितलेल्या दोन खेपा मागे लागतात.

भोके डोळ्यांनी शोधायची गरज नाही. पाहोल नावाचा छोटा प्रोग्राम डिबग माहितीसह तयार केलेली फाइल वाचून प्रत्येक क्षेत्र कितव्या बाइटवर आहे आणि मध्ये किती बाइटांचे भोक आहे ते छापतो. बदलाआधीची आणि नंतरची यादी शेजारी ठेवली, की कुठले भोक बुजले आणि कुठले नवे पडले ते लगेच दिसते. कॉम्प्युटर लॅबमध्ये ज्यांच्याकडे लिनक्स आहे त्यांनी आधी वरचे १२ बाइटांचे स्ट्रक्चर घेऊन ते चालवावे. ३ बाइटांचे भोक मधे आणि ३ शेवटी, दोन्ही त्यात सापडतील.